भाऊ म्हणजे भाऊच

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे खुशाल आहेत, कुणाला काही झालेलं नाही. फोन हाताशी असताना ही बया कागद-पेन घेऊन का बसली, असं तुझ्या मनात येणारच, तर त्याला कारण तूच आहेस. फोनवर मी एक विषय काढला की तू दुसरा काढतेस. मी म्हणते, ऐक ना, तर तू म्हणतेस, तुझ्याकडे थंडी किती पडलीय. परवा तर दूधवाला आला असं सांगून फोन ठेवून दिलास, आणि तुझ्याकडे संध्याकाळचा दूधवाला येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पत्राला तशी पळवाट नसते. मध्येच उठून गेलीस तरी ते टेबलावर तसंच पडून राहील. शिवाय सांगायचंय ते लांबलचक आहे आणि माझी टकळी एकदा सुरू झाली की काय होतं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? नावच तू ठेवलंस माझं.

त्या टेलरच्या कुटुंबाबद्दल तुला ओझरतं सांगितलं होतं. आमच्या सिनेगॉगची एक स्वागत समिती आहे. नाव भारदस्त, माणसं तीन. एक अध्यक्ष, ज्यांचा जन्म औषधांच्या दुकानात गेला आणि ज्यांना मी मनातल्या मनात कडू काढा म्हणते. दुसरी एक गाडीवाली, जिच्या खटारा व्हॅनशिवाय समितीचं पान हलत नाही. आणि तिसरी मी. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून जमेल तेवढं करते. देशोदेशीची ज्यू कुटुंबं इथे येतात. त्यांना घर बघून द्यायचं, मुलांना शाळेत घालायचं, डॉक्टर गाठून द्यायचा, कचऱ्याचा कुठला डबा कशासाठी ते समजावायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? नुसतं घर शोधायला निघालं तरी घाम फुटतो. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, गाडीत बसायचं नाही, म्हणजे घर सिनेगॉगपासून चालत जाण्याइतकं जवळ हवं. ही गोष्ट आसपासच्या घरमालकांनाही ठाऊक असल्यामुळे त्यांच्या माना कायम ताठ.

तर हे टेलर आपल्यातलेच निघाले. आपलीच भाषा, शुक्रवारी दिवे लावताना आई म्हणायची तीच प्रार्थना, तशीच घाईघाईत. विमानतळावर टेलरच्या आईने माझ्या तोंडून दोन शब्द ऐकले आणि माझा हात जो धरला तो व्हॅनमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. घरात माणसं पाच: म्हातारी आई, टेलर, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि टेलरचा धाकटा भाऊ, अजून लग्न न झालेला. घर मिळालं ते एका लाँड्रीच्या डोक्यावर. मला वाटलं, दिवसभर मशीनच्या घरघरीने ही माणसं वैतागतील. म्हातारी म्हणाली, वैतागायचं कशाला, खालून फुकटची ऊब येते, पाय शेकून निघतात. त्या दिवसापासून मी तिची भक्तच झाले.

भक्त झाले म्हणजे डोक्याला ताप झाला नाही असं नाही हं. गाडीवालीने दहा घरं फिरून त्यांच्यासाठी भांडी गोळा केली होती. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. चूक होऊ नये म्हणून एका जातीच्या भांड्यांना तिने लाल पट्टी चिकटवली, दुसऱ्यांना निळी. म्हातारीने काय करावं? नव्या घरात दुकानाची लेबलं लावलेली भांडी बरी दिसत नाहीत म्हणून सगळी गरम पाण्यात बुडवून, खसाखसा घासून, चकचकीत करून एकावर एक रचून ठेवली. गाडीवाली दारातच मटकन बसली. आता लालचं कुठलं आणि निळ्याचं कुठलं, हे देवाला ठाऊक. म्हातारीला कळल्यावर ती कपाळावर हात मारून इतकी हसली की शेवटी गाडीवालीसुद्धा हसायला लागली. रब्बींना विचारून सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात मोठ्या हंड्यात सगळी भांडी पुन्हा उकळून काढली. चमचे मी उकळले. माझा चष्मा वाफेने आंधळा झाला आणि कडू काढा दारात उभा राहून सूचना करत होता. भांडी उकळायचं शास्त्र जणू त्याच्या आजोबांनी लिहिलंय.

या सगळ्या धांदलीत धाकटा सगळ्यांचा लाडका कसा झाला ते कुणाला कळलंच नाही. त्याला इथली भाषा येत नव्हती, पण आवाज असा की भिंतींना ऐकू जावा. पहिल्या शनिवारी सिनेगॉगमध्ये सगळे ओळीने प्रार्थना म्हणत होते आणि हा आपल्याकडच्या चालीत सुटला. शब्द तेच, हिब्रूच, पण चाल आपली. आजूबाजूच्यांची गाडी रुळावरून घसरली. कुणी त्याच्या मागे गेले, कुणी आपलंच रेटत राहिले, आणि कडू काढ्याने मान वळवून असं बघितलं की मी ओढणीत तोंड लपवलं. पण तुला खरं सांगू? ती चाल कानावर पडली आणि मीही ओढणीआडून ती म्हणायला लागले. इतक्या वर्षांत मी ती विसरले असेन असं मला वाटत होतं. तुमच्याकडे आता दहा पुरुषही जमत नाहीत म्हणून प्रार्थना होत नाही असं तू सांगतेस, तेव्हा मी नुसतं हं म्हणते. त्या दिवशी मात्र ते वाक्य मला लागलं.

आणि मग सगळं नीट बसतंय असं वाटत असतानाच इमिग्रेशन ऑफिसातून बोलावणं आलं. झालं होतं असं की आल्या आल्या घरातल्या मोठ्यांची तिथे वेगवेगळी विचारपूस झाली होती. टेलर इथली भाषा घोकून घोकून थोडी शिकला होता. दुभाषा नको, मी माझं सांगतो, म्हणाला. बरोबर कोण आहे विचारल्यावर त्याने छाती पुढे काढून सांगितलं, माझा भाऊ. म्हातारीला विचारलं मुलगे किती, ती म्हणाली दोन. सुनेला विचारलं, ती म्हणाली, माझा एकुलता एक दीर. तिघांची उत्तरं तंतोतंत जुळली. जुळले नाहीत ते जन्माचे दाखले. धाकट्याच्या दाखल्यावर आईचं नाव वेगळं, बापाचं वेगळं. कारण तो टेलरच्या काकांचा मुलगा. नीट चालता येण्याआधी आईबाप गेले आणि तेव्हापासून तो या घरात. इथल्या नियमात कुटुंबाबरोबर लग्न न झालेला भाऊ येऊ शकतो, पण भाऊ म्हणजे एका आईबापाचा. तेव्हा ऑफिसचं म्हणणं असं, की या लोकांनी ठरवून, एकमेकांना पढवून खोटं सांगितलं. धाकट्याने परत जावं, आणि खोटं बोलल्याबद्दल बाकीच्यांना तरी इथे का राहू द्यावं ते येऊन सांगावं.

ताई, त्या घरात मी पाऊल टाकलं तेव्हा टेलरचं मशीन बंद, त्यावर अर्धवट शिवलेली पँट तशीच लोंबत. बायको भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती, घातलेल्या मोडून पुन्हा घालत होती. धाकट्याने आपली बॅग भरून दाराशी ठेवली होती. मी एकटा गेलो की प्रश्न मिटला, म्हणत होता, तुमचं तरी नीट होऊ दे. पण परत जाऊन राहणार कुठे? तिकडचं घर सोडूनच सगळे आले होते. म्हातारीने उठून ती बॅग उघडली आणि त्यातले शर्ट एकेक करून कपाटात परत लावले. हा गेला तर मीही जाणार, म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तोंड वर करवेना.

समितीत तरी काय निराळं! कडू काढा भडकला होता. तो दुष्ट आहे असं नाही हं. त्याचं म्हणणं, एकदा का आमच्या समितीने आणलेल्या माणसांवर खोटेपणाचा शिक्का बसला, तर पुढच्या वर्षी येणाऱ्यांना कोण दारात उभं करणार? किती घरं आपल्या भरवशावर बॅगा बांधून बसलीत, याचा विचार करा. भाऊ आणि चुलतभाऊ यातला फरक न कळायला ती काय कुक्कुली बाळं आहेत? इथल्या भाषेत दोन्हींना दोन वेगळे शब्द आहेत, शेंबड्या पोरालाही ते कळतात. गाडीवाली मध्ये पडली, तर तिलाही चार शब्द ऐकावे लागले. मी भांडले, पण माझ्या भांडण्यात जोर नव्हता. टेलरला काय म्हणायचं होतं ते मला आतून माहीत होतं, पण ते इथल्या भाषेत कसं मांडायचं ते सुचत नव्हतं.

ऑफिसात मी दुभाषी म्हणून गेले. खोली अगदी साधी: एक टेबल, प्लास्टिकचं झाड, पाण्याचा जग. समोर अधिकारी बाई, साधारण तुझ्या वयाची, आणि तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. डाव्या काडीचा स्क्रू ढिला होता. माझे हात असे शिवशिवत होते, विचारू नकोस. तिने टेलरला विचारलं, हा तुमचा भाऊ का? तो म्हणाला, हो. तिने दाखला पुढे सरकवला, मग ही नावं कुणाची? तो म्हणाला, त्याच्या आईवडिलांची, माझ्या काका-काकूंची. म्हणजे हा तुमचा भाऊ नाही, असं ती म्हणाली, आणि टेलर गोंधळून माझ्याकडे वळला. अहो, या बाई असं का म्हणतायत? आमचं भांडण झालंय असं कुणी सांगितलं का यांना? मी ते जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं. अधिकारी बाईच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

मग ती मला म्हणाली, तुमच्या भाषेत याला वेगळा शब्दच नाही का? खोटं कशाला बोलू? आहे, म्हटलं. चुलत म्हणतात. मग वापरत का नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, घरात कोण वापरतं? हाक मारताना भाऊ, रागावताना भाऊ, कुणी कोण म्हणून विचारलं तरी भाऊ. तिने विचारलं, मग तो शब्द आहे कशाला, तुम्ही तो काढता तरी कधी? आणि माझ्या तोंडून विचार न करता निघून गेलं, वाटणीच्या वेळी. जमीन, घर वाटायचं असलं की सख्खा कोण आणि चुलत कोण ते निघतं. नाहीतर मग कुणाला चार पावलं लांब ढकलायचं असेल तेव्हा. म्हातारीला यातलं काही कळत नव्हतं, पण चुलत हा शब्द तिने ऐकला. तिने धाकट्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. एवढा दाढीमिशावाला बाप्या, लाजून लालेलाल झाला, पण त्याने हात काढून घेतला नाही.

एवढ्याने काम झालं असं वाटलं असेल तुला. मलाही वाटलं होतं. पण ती बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती म्हणाली, हे सांगायला ठीक आहे, पण तिघांनी अक्षरशः एकच उत्तर दिलं, आणि तुम्ही त्यांच्या समितीच्या. कुणी शिकवलं नाही हे मी कशावरून मानू? ती लिहायला लागली. खाली मान, पेन चालूच, आणि तशातच, दाराबाहेर पाऊस आहे का विचारावं तशा आवाजात तिने मला विचारलं, तुम्हाला भावंडं किती? मी म्हटलं, एक मोठी बहीण आहे. आईवडील तेच? तिने विचारलं. आणि ताई, तेव्हा कुठे मला कळलं मी काय बोलून गेले ते.

इतकी वर्षं इथे काढली. इथल्या भाषेत मी आता स्वप्नं बघते, भांडते, हिशेब करते. दुकानात रोज कुणी ना कुणी आपल्या चुलत बहिणीला घेऊन येतं, तेव्हा तो इथला वेगळा शब्द मीही बिनदिक्कत वापरते. पण तुझ्यासाठी तो माझ्या जिभेवर कधी आलाच नाही. माझ्या वेण्या तू घातल्यास. हिब्रूची अक्षरं तू बोट धरून गिरवून घेतलीस आणि चुकले की त्याच बोटावर पट्टी मारलीस. मी इकडे अडकून पडले तेव्हा बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना भरवलंस तू, कूस बदललीस तू, आणि त्यांनी शेवटचं पाणी घेतलं ते तुझ्या हातून. कुणी भावंडं विचारल्यावर मी आणखी काय सांगणार होते? मी त्या बाईला म्हटलं, नाही. माझ्या काकांची मुलगी आहे ती. तिचं पेन थांबलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे बघितलं, मग टेलरकडे, मग म्हातारीच्या मांडीवरच्या त्या हाताकडे. आणि म्हणाली, तुम्हाला तर कुणी शिकवलं नव्हतं.

निकाल आला तो असा: या माणसांनी खोटं सांगितलेलं नाही, सबब त्यांची परवानगी कायम. मात्र धाकटा इथल्या नियमातल्या भावात बसत नाही तो नाहीच. पण कायद्यात एक खिडकी आहे. रक्ताचं नातं नसलं तरी एखाद्या माणसाला इथला समाज आपला म्हणून हमी देत असेल, त्याच्या राहण्याखाण्याची जबाबदारी घेत असेल, तर तो राहू शकतो. मी हे समितीत वाचून दाखवत होते, शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेही नव्हते, तर कडू काढा पेन शोधायला लागला. सही करून झाल्यावर धाकट्याला निरोप दिला, की शनिवारी पुढच्या ओळीत बस आणि ती तुझी चाल आम्हाला सावकाश म्हणून दाखव, म्हणजे आम्हाला तरी कळेल आम्ही कुठे घसरतो. गाडीवालीने टाळ्या पिटल्या. म्हातारी मला कुशीत घेऊन रडली आणि मीही मनसोक्त रडून घेतलं. टेलरने मला कोट शिवायचा हट्ट धरलाय, बाह्यांची मापं घेऊन गेला. आणि ती अधिकारी बाई पुढच्याच आठवड्यात दुकानात हजर! मी तिचा स्क्रू घट्ट करून दिला. कामाबद्दल आम्ही दोघी चकार शब्द बोललो नाही.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. भावोजी गेल्यापासून मी तुला इकडे ये म्हणतेय. आमची पोर शिकायला बाहेर गेली तशी तिची खोली रिकामीच आहे, आणि हे तर माझ्याआधी तुझं नाव काढतात. तू दरवेळी टाळलंस, मी समजून घेतलं. पण परवा, फोन ठेवायच्या आधी, तू म्हणालीस, मी काय तुझी सख्खी आहे? चुलत बहिणीचं लोढणं गळ्यात कशाला बांधून घेतेस? ताई, हा शब्द आपल्यात वाटणीच्या वेळी निघतो असं मी एका परक्या बाईला छातीठोकपणे सांगून आलेय. बाबांनी आणि काकांनी मरेपर्यंत एका चुलीवरचं खाल्लं. आपल्या घरात जी वाटणी कधी झालीच नाही, ती तू आता एकटीने करायला निघालीस का? समितीकडे मी तुझं नाव दिलंय. अध्यक्षांनी विचारलं, कोण लागते? मी म्हटलं, बहीण. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. पण तुझ्या होकाराशिवाय मी एक पाऊल टाकणार नाही. तुला यायचं नसेल तर नको येऊस. थंडी सोसत नाही म्हण, आपली माणसं पुरलीत ती माती सोडवत नाही म्हण, माझी बडबड ऐकवत नाही म्हण, मी निमूट ऐकून घेईन. फक्त चुलत आहे म्हणून येत नाही, असं लिहू नकोस. त्या शब्दाचं इथल्या भाषेत भाषांतर मला करता येतं. आपल्या भाषेत तो मला तुझ्या तोंडून ऐकवत नाही.

तुझीच,
टकळी